लिफ्ट बसली? आधी तेल पाहा!

श्रीपूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर) : पाऊस उघडून रानात वाफसा आला, की नांगर, फणपाळी आणि सरी रेजर एकाच वेळी बाहेर निघतात. नेमक्या याच वेळी ट्रॅक्टरच्या लिफ्टने औजार उचलण्यास नकार दिला, तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही. भारी काळ्या जमिनीतील वाफसा फार दिवस टिकत नाही. रान सुकले तर ढेकळे निघतात, पुन्हा पाऊस आला तर चिखल होतो आणि जुलै-ऑगस्टमधील आडसाली लागणीचे सारे वेळापत्रक पुढे सरकते. म्हणूनच ऊसपट्ट्यात 'लिफ्ट बसली' या दोन शब्दांना मोठा अर्थ आहे.

श्रीपूर हे नीरेच्या कालव्यावर पोसलेल्या ऊसपट्ट्यातील गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथेच उभा राहिला. पुढे सहकाराच्या काळात पांडुरंग सहकारी साखर कारखान्यामुळे गावाची ही ओळख अधिक पक्की झाली. या परिसरातील ट्रॅक्टरला वर्षभरात दोन वेगवेगळ्या नोकऱ्या कराव्या लागतात. गाळप हंगामात तो उसाच्या ट्रॉल्या ओढतो आणि हंगाम संपला की मशागतीला जुंपला जातो. वाहतुकीच्या काळात लिफ्टला फारसे काम नसते. गिअरपेटीचे तेल मात्र रात्रंदिवस तापत असते. त्यामुळे चार-पाच महिने दडून राहिलेला दोष उन्हाळी नांगरटीच्या पहिल्याच दिवशी उघड होतो.

अशा वेळी 'पंप गेला' असा निष्कर्ष काढून थेट लिफ्टचे टॉप कव्हर उघडण्याची घाई केली जाते. मात्र दोष अनेकदा पंपात नसून तेलात असतो. तेल कमी असते, चुकीचे असते, त्यात पाणी किंवा हवा शिरलेली असते, नाही तर तेलाच्या वाटेवरील जाळी तुंबलेली असते. यांपैकी बहुतेक गोष्टींची तपासणी पाना, स्वच्छ बाटली आणि थोडा संयम यांच्या बळावर होऊ शकते.

लिफ्टची उपज

ट्रॅक्टरच्या मागे दोन खालचे दांडे म्हणजे लोअर लिंक आणि मध्यभागी वरचा एक दांडा म्हणजे टॉप लिंक, अशा तीन ठिकाणी औजार जोडले जाते. ही तीन-बिंदू जोडणी आणि तिला तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत आयर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली. हेन्री फोर्ड यांच्याशी झालेल्या सहकार्यातून १९३९ मध्ये निघालेल्या 'फोर्ड ९ एन' या ट्रॅक्टरमुळे ती मोठ्या प्रमाणावर शेतात पोहोचली. १९४६ पासून इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे तयार होऊ लागलेल्या 'टीई-२०' या छोट्या करड्या ट्रॅक्टरने तिचा जगभर प्रसार केला.

भारतात १९६० मध्ये स्थापन झालेल्या 'टॅफे' कंपनीने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बनविले. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने उत्पादन सुरू केले. १९७१ मध्ये पिंजोर येथे एचएमटीने झेटॉर पद्धतीचे ट्रॅक्टर आणले, तर १९७४ मध्ये देशी आराखड्याचा स्वराज बाजारात आला. प्रत्येकाच्या लिफ्टची रचना थोडी निराळी आहे, परंतु तत्त्व एकच आहे. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी त्या कारखान्यातून बाहेर पडलेले ट्रॅक्टर आजही रानात दिसतात. अशा ट्रॅक्टरच्या मालकाला तर बिघाडाचे नेमके निदान अधिकच गरजेचे असते, कारण चुकून बदललेला सुटा भाग परत करता येत नाही.

दाबाचे गणित

बंदिस्त तेलावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत शिकविला जातो. लिफ्ट ही त्या नियमाचीच अंमलबजावणी होय. पंप तेल ओढतो आणि कंट्रोल व्हॉल्व्हमार्गे सिलिंडरमध्ये ढकलतो. सिलिंडरमधील पिस्टन सरकतो, रॉकशाफ्ट नावाचा आडवा दांडा फिरतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे लिफ्ट आर्म औजाराला वर उचलतात. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठराविक दाबाला तो उघडतो आणि जादा तेल परत पेटीत सोडतो.

समजा, पिस्टनचा व्यास साडेसात सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब मिळाला, तर पिस्टनवर सुमारे ६,६०० किलोंचा जोर येतो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या तुलनेत हा दाब सुमारे सत्तरपट आहे. आता रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग थकून दाब ९० किलोंवर आला, तर जोर ३,९६० किलोंपर्यंत घसरतो. रिकामी लिफ्ट झटक्यात वर जाते, पण नांगर जोडला की बसते, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. लिफ्टची क्षमता कंपनीच्या पुस्तकात किलोंमध्ये दिलेली असते. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. अशा चाचण्यांत लोअर लिंकच्या टोकाजवळ, तसेच तेथून ६१० मिलिमीटर मागे भार ठेवून उचल मोजण्याची पद्धत आहे. औजाराचे वजन जितके मागे, तितकी उचल कमी. त्यामुळे ३५ अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरला आजचा लांबलचक पलटी नांगर जोडून 'लिफ्ट कमजोर झाली' असे म्हणणे त्या यंत्रावर अन्याय करणारे ठरेल. पूर्वी पेलत असलेले औजार आता पेलत नसेल, तरच बिघाड मानावा.

एक तेल, अनेक कामे

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमध्ये गिअरपेटी, मागील आस आणि लिफ्ट या तिन्हींना एकच तेल पुरते. काहींमध्ये लिफ्टची टाकी वेगळी असते. आपल्या ट्रॅक्टरची रचना कोणती, हे कंपनीच्या पुस्तिकेवरून आधी समजून घ्यावे. तेल सामाईक असेल, तर लिफ्टचे दुखणे हे सबंध ट्रॅक्टरचे दुखणे ठरते. दातऱ्यांची झिजलेली कीस पंपात जाते आणि लिफ्टमधून शिरलेले पाणी बेअरिंगला गंज आणते.

याचा संबंध रस्त्यावरील सुरक्षिततेशीही आहे. लिफ्ट नीट उचलत नाही म्हणून मापाच्या खुणेवर दोन-चार लिटर तेल जादा ओतण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. जुन्या बहुसंख्य मॉडेलचे ब्रेक कोरडे असतात. पातळी वाढली आणि हाफ शाफ्टचे ऑइल सील थकलेले असले, तर तेल झिरपून ब्रेकच्या लायनिंगवर पोहोचते. मग उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना ब्रेक घसरतो किंवा एकाच बाजूला धरतो. ब्रेक तेलात बुडालेले असतील, तर धोका उलट बाजूने येतो. अशा ब्रेकना ठराविक घर्षणगुण असलेले तेल लागते, आणि साधे गिअर ऑइल ओतल्यास ते कुरकुरतात किंवा पकड सोडतात. लिफ्टसाठी ओतलेले तेल असे थेट ब्रेकवर परिणाम करते.

तेलाची निवड करताना पुस्तिकेतील प्रतच प्रमाण मानावी. 'जाड तेल घातले की लिफ्ट जोर धरते' हा समज अर्धवट आहे. झिजलेल्या पंपातून जाड तेल कमी गळते, त्यामुळे काही दिवस आराम वाटतो. पण थंड सकाळी तेच तेल जाळीतून ओढले जात नाही आणि पंप उपाशी राहतो. काही गिअर तेलांतील अतिदाबाची रसायने काशा-पितळेच्या बुशांना बाधक असतात. ब्रेक फ्लुइड तर या पेटीत चुकूनही घालू नये. खनिज तेलासाठी बनविलेल्या रबरी रिंगा त्याने फुगतात आणि निकामी होतात.

तेलाची परीक्षा

तपासणीची सुरुवात मापापासून करावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, औजार जमिनीला टेकवावे, इंजिन बंद करावे आणि काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. लिफ्ट वर ठेवून घेतलेले माप फसवे असते, कारण त्या वेळी काही तेल सिलिंडरमध्ये असते. ट्रॉली उचलणारा जॅक जोडलेला असेल, तर तोही पूर्ण आत घ्यावा.

त्यानंतर स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडे तेल काढून उजेडात धरावे. त्यावरून पुढील गोष्टी कळतात.

दुधाळ तेल : तेलात पाणी किंवा हवा मिसळल्याचे हे लक्षण आहे. बाटली तशीच ठेवावी. हवा असेल तर बुडबुडे वर जाऊन तेल थोड्या वेळात निवळते. पाणी असेल तर दुधाळपणा टिकतो आणि रात्रभरात तळाशी थर साचू शकतो. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा एखादाच थेंब टाकल्यास तडतड आवाज होतो, तोही पाण्याचा पुरावा होय. ही चाचणी करताना चेहरा दूर ठेवावा.

फेसाळ तेल : पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरत आहे. तेलाची पातळी कमी असणे, ओढनळीचा सांधा ढिला असणे किंवा तेथील रबरी रिंग फाटणे ही नेहमीची कारणे आहेत.

काळे, करपट वासाचे तेल : तेल फार तापले आहे. लिव्हर शेवटपर्यंत ओढून धरल्याने रिलीफ व्हॉल्व्ह सतत उघडा राहिला किंवा तेल बदलण्यास फार उशीर झाला, तर असे होते.

चमकणारे कण : तेलात चुंबक फिरवून पाहावा. चुंबकाला चिकटणारे कण दातरे, बेअरिंग यांसारख्या पोलादी भागांचे असतात. न चिकटणारी पिवळसर कीस बुशांची असण्याची शक्यता जास्त. बारीक राखाडी लेप वापराबरोबर येतोच, पण हाताला टोचणारे तुकडे सापडले तर ट्रॅक्टर चालविणे थांबवावे.

पाणी येते कोठून?

गिअर लिव्हरचे फाटलेले रबर, हरवलेले झाकण, सैल डिपस्टिक आणि तुंबलेले श्वासछिद्र या पाण्याच्या नेहमीच्या वाटा आहेत. दाबाच्या पाण्याने ट्रॅक्टर धुताना फवारा नेमका या ठिकाणी मारला जातो. दिवसभर तापलेली पेटी रात्री थंड होताना दमट हवा आत ओढते आणि तिचेही पाणी होते.

पुरात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा प्रश्न वेगळा आहे. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत भीमाकाठ पाण्याखाली गेला, तेव्हा सोलापूर जिल्ह्याने तो अनुभव घेतला. आसेच्या वर पाणी चढलेला ट्रॅक्टर ओसरल्यावर लगेच सुरू करणे टाळावे. प्रथम निचऱ्याचे बूच सावकाश सैल करावे. तेलापेक्षा पाणी जड असल्याने ते आधी बाहेर येते. पाणी निघाले, तर सर्व तेल काढून, जाळी साफ करून, नवे तेल भरल्याशिवाय पंप फिरवू नये.

लक्षणांवरून निदान

लिफ्ट मुळीच उचलत नाही : आधी पातळी पाहावी. मग लिव्हर आणि व्हॉल्व्ह यांना जोडणारी दांडी निसटली आहे का, ते तपासावे. ट्रॉलीच्या जॅकसाठी तेल वळविणारा व्हॉल्व्ह चुकीच्या बाजूला राहिला, तरी लिफ्ट हलत नाही. फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये पंप मधल्या पेटीत तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या दांड्यावरून चालतो. पीटीओचा लिव्हर बंद असला किंवा क्लच पूर्ण दाबलेला असला, तर पंप फिरतच नाही. ट्रॉली ओढताना बंद केलेला पीटीओ मशागतीच्या दिवशी तसाच राहतो आणि निरोगी पंप खोलला जातो. हे सर्व ठीक असल्यास तुंबलेली जाळी, अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह आणि शेवटी पंपाची तुटलेली जोडणी, या क्रमाने शोध घ्यावा.

रिकामी उचलते, भारासह नाही : दाब तयार होत नाही किंवा टिकत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह, पिस्टनचे सील आणि पंपाची झीज हे तीन संशयित आहेत.

थंड असताना ठीक, तापल्यावर कमजोर : तेल पातळ झाले की झिजलेल्या फटींतून गळती वाढते. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हे लक्षण ठळक होते. अंतर्गत झिजेचा हा भरवशाचा पुरावा मानावा. तेल अयोग्यरीत्या पातळ असल्यासही असेच घडते.

थंड असताना हळू, तापल्यावर ठीक : याचा अर्थ उलट आहे. तेल जास्त जाड आहे किंवा जाळी अर्धवट तुंबली आहे. येथे पंप बदलून काहीही साधणार नाही.

धक्के देत उचलते, पंप किंचाळतो : तेलात हवा आहे. आवाज चालू ठेवून काम रेटल्यास पंपाचा पृष्ठभाग लवकर खरवडला जातो.

वर उचललेले औजार आपोआप खाली येते : इंजिन बंद असतानाही औजार उतरत असेल, तर पंप निर्दोष समजावा, कारण त्या वेळी तो फिरतच नसतो. तेल पिस्टनच्या सीलमधून, व्हॉल्व्हमधून किंवा सिलिंडरच्या जोडावरील रिंगेतून परत जात आहे. इंजिन चालू असताना हाच दोष हेलकाव्यांच्या रूपाने दिसतो. औजार थोडे उतरते, व्हॉल्व्ह पुन्हा तेल देतो, औजार वर येते, आणि हे चक्र चालू राहते. औजार उचलून, इंजिन बंद करून, जमिनीपासूनची उंची दूर उभे राहून नोंदवावी आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावी. ही नोंद मेकॅनिकला फार उपयोगी पडते.

औजार खाली उतरत नाही : अनेक मॉडेलमध्ये उतरण्याचा वेग ठरविणारी मूठ आसनाजवळ असते. ती पूर्ण बंद झाली, तर लिफ्ट वरच अडकते. मूठ उघडूनही औजार न उतरल्यास कोणताही नट सैल करण्याआधी औजाराखाली भक्कम आधार द्यावा.

नांगर एकदम खोल जातो किंवा उसळतो : हा बहुधा तेलाचा दोष नसतो. जमिनीचा ओढ वाढला की लिफ्टने औजार किंचित उचलावे, यासाठी ड्राफ्ट कंट्रोल असतो. अनेक मॉडेलमध्ये तो टॉप लिंकवरील ताणातून जमिनीचा अंदाज घेतो. टॉप लिंक चुकीच्या भोकात असणे, तिच्या स्प्रिंगला ढिलाई असणे किंवा लिव्हर चुकीच्या जागी असणे यामुळे ही जाणीव बिघडते. नांगरासाठी ड्राफ्ट आणि जमिनीवर ठराविक उंचीवर चालणाऱ्या औजारांसाठी पोझिशन कंट्रोल, हा फरक नवख्या चालकाला समजावून देणे आवश्यक आहे.

दाबमापकाचा कौल

वरील तपासणीनंतरही शंका राहिली, तर बाहेरील तेल-जोडणीवर दाबमापक लावण्याचा आग्रह धरावा. तेल तापवून, लिव्हर उचलीच्या टोकाला क्षणभरच धरून, मिळालेला दाब पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. दाब पूर्ण मिळत असेल, तर पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह बहुधा ठीक आहेत, आणि दोष पुढे सिलिंडर किंवा जोडणीत शोधावा. दाब कमी असेल, तर पंप की व्हॉल्व्ह हा प्रश्न उरतो. रिलीफ व्हॉल्व्हची तपासणी स्वस्त असल्याने ती आधी करावी. मात्र वॉशर घालून या व्हॉल्व्हचा दाब वाढविण्याची क्लृप्ती धोकादायक आहे. त्यामुळे नळी फुटू शकते किंवा पेटीलाच तडा जाऊ शकतो.

ट्रॉलीच्या जॅकमधून येणारी घाण

माती, शेणखत वाहणाऱ्या उलटणाऱ्या ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर चालतो. जॅक पूर्ण लांबला की पेटीतील बरेच तेल त्यात जाते. पातळी आधीच कमी असेल, तर पंप हवा ओढू लागतो. एकच ट्रॉली गावातील चार ट्रॅक्टरना जोडली जाते, तेव्हा चार पेट्यांतील तेल, पाणी आणि कचरा यांची देवाणघेवाण होते. म्हणून जोडणीचे तोंड प्रत्येक वेळी पुसून घ्यावे आणि सोडल्यावर त्यावर टोपण बसवावे. टोपणाला बांधलेली चिंधी हा त्याला पर्याय नव्हे, कारण तिचे धागेच पुढे जाळीत अडकतात.

तेल बदलताना

तेल कोमट असताना काढावे, म्हणजे गाळ तरंगत बाहेर येतो. औजार आधी खाली टेकवावे. काही ट्रॅक्टरना निचऱ्याची एकापेक्षा अधिक बुचे असतात. एकच बूच उघडल्यास जुने तेल अर्धेअधिक आतच राहते. जाळी डिझेलने धुऊन पूर्ण वाळवावी, पण पेटीत डिझेल भरून पंप फिरवू नये, कारण डिझेलला पंपाचे वंगण करण्याइतका चिकटपणा नसतो. पुसण्यासाठी सूत सुटणारा कापूस न वापरता स्वच्छ, धागे न सुटणारे कापड घ्यावे. बुचावरील चुंबक साफ करावा. नवे तेल गाळणीतून भरावे, इंजिन मंद चालवून लिफ्ट भाराविना काही वेळा वर-खाली करावी आणि पातळी पुन्हा तपासावी. बदलाची तारीख आणि त्या वेळचे तासमीटर पेटीजवळ रंगाने लिहून ठेवल्यास पुढील मालकालाही उपयोग होतो.

काढलेले तेल बांधावर, कालव्यात किंवा विहिरीजवळ ओतणे गैर आहे. वापरलेले तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

जिवाशी खेळ नको

लिफ्टच्या कामात दोन अपघात सर्वांत भयंकर ठरतात. पहिला, उचललेल्या औजाराखाली सापडण्याचा. लिफ्टवर टांगलेला नांगर एका रबरी रिंगेच्या भरवशावर असतो. लिव्हरला मुलाचा हात लागला किंवा सील फाटले, तर तो क्षणात खाली येतो. फाळ बदलतानाही खाली लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोडी लावावी. विटा रचू नयेत, त्या दबून फुटतात.

दुसरा अपघात दिसण्यात अगदी किरकोळ असतो. नळीला पडलेल्या सुईएवढ्या छिद्रातून दाबाखालील तेल कातडी भेदून शरीरात शिरू शकते. सुरुवातीला केवळ टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही. काही तासांत मात्र आतील पेशी मरू लागतात आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. म्हणून गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरून शोधावी. असे टोचलेच, तर वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि 'दाबाखालील तेल आत गेले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

खर्चाची पायरी

शहरात नोकरी करणाऱ्या अनेकांची शेती गावाकडील भाऊबंद पाहतात आणि दुरुस्तीच्या होकारासाठी फोन मात्र शहरात येतो. अशा वेळी 'पंप बदलू का?' या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. तेलाची पातळी आणि रंग कसा आहे? पीटीओ आणि तेल वळविणारा व्हॉल्व्ह योग्य जागी आहेत का? जाळी शेवटची कधी धुतली? इंजिन बंद केल्यावर औजार उतरते का? दाब मोजला का, आणि तो किती भरला?

पहिल्या तीन प्रश्नांना जवळजवळ खर्च नाही. चौथ्याला अर्धा तास लागतो, पाचव्याला दाबमापक असलेला मेकॅनिक. या पायऱ्या चढून झाल्यावर पंप बदलण्याची वेळ आलीच, तर जुने तेल काढून, जाळी धुऊन आणि पाण्याची वाट बंद करूनच नवा पंप बसवावा. ज्या गढूळ तेलाने पहिला पंप खाल्ला, त्याच तेलात दुसरा टाकला, तर पुढच्या वाफशाला तोही बसेल. हंगाम संपून ट्रॉली सुटली, की मशागत सुरू होण्याआधीच्या आठवड्यात बाटलीभर तेल उजेडात धरून पाहणे हा या सर्वांवरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.